देवीचा विषाणू रक्तातली सिक्युरिटी कशी चुकवायचा?

शिरवण्यात बसून दिवसभर कोड लिहिणाऱ्या मला ही गोष्ट सरळ फेक आयडीची वाटते.

आपल्या रक्तात 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनांची टीम सतत गस्त घालते. त्यातलं सी३बी समोर येईल त्याला चिकटतं. आपल्या पेशींकडे ते निकामी करणारी प्रथिनं असतात, म्हणून त्या वाचतात. ज्याच्याकडे नाहीत, तो पकडला जातो.

देवीच्या विषाणूकडे मात्र या प्रथिनांची नक्कल होती, नाव 'स्पाइस'. लशीतल्या व्हॅक्सिनिया विषाणूकडेही तशीच नक्कल आहे. ती १९८८ साली गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी दाखवली. दोन्हींत फरक फक्त ११ अमिनो आम्लांचा, पण माणसाच्या सी३बीवर स्पाइस जवळपास १०० पट भारी! यातले कोणते बदल महत्त्वाचे, हे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अरविंद साहू यांच्या टीमने तपासलं.

देवी तर १९८० मध्येच संपल्याचं जाहीर झालं, मग हे आता कशाला? कारण तिचा भाऊबंद एमपॉक्स अजून आहे. मध्य आफ्रिकेतल्या त्याच्या जास्त घातक प्रकाराकडे असंच प्रथिन आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या सौम्य प्रकाराकडे नाही. घातकपणाचं हे एकमेव कारण नसेल, पण औषध शोधताना कुठे बघायचं ते यातून कळतं.