ऐकले तेवढेच

वडोदऱ्यात वैद्यकीचे शिक्षण घेत असताना मला शॉर्टवेव्हवर दूरदेशीची केंद्रे ऐकण्याचा नाद लागला. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी १९४७ पासून निघू लागलेल्या ‘वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक’ची जुनी प्रत आणि ‘मॉनिटरिंग टाइम्स’चे काही अंक दिले. (हे अमेरिकी मासिक डिसेंबर २०१३ च्या अंकानंतर बंद झाले.) हँडबुकात केंद्रांच्या वारंवारता व पत्ते, मासिकात श्रोत्यांच्या नोंदी. वेळ, भाषा, ऐकलेला मजकूर, सारे नेमके. श्रोते केंद्रांना अहवाल पाठवीत, त्यांत ‘सिन्पो’ पद्धतीने ध्वनीची तीव्रता, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, लहरींचा चढउतार व एकंदर श्राव्यता यांना १ ते ५ गुण असत. आपल्या केसपेपरचेच हे भावंड!

एकदा अस्पष्ट आवाज कानी पडला. हँडबुक पाहून मी केंद्र ठरवले, उरलेला तपशील कल्पनेने भरला आणि अहवाल धाडला. अपेक्षित पोचकार्डाऐवजी सौजन्यपूर्ण पत्र आले : त्या दिवशी त्या वारंवारतेवर आमचे प्रसारणच नव्हते.

पुढे व्यवसायात, आधीच्या चिठ्ठीतले निदान वाचून रुग्णाच्या हृदयात मर्मर ऐकू आल्यासारखे वाटले, की मी चिठ्ठी पालथी घालतो आणि स्टेथोस्कोप पुन्हा लावतो. दोनदा तरी तेथे मर्मर नव्हती.