आक्काची वाकळ

आत्या आक्काची पेटी उघडते. आधी डांबरगोळ्यांचा वास येतो आणि त्यामागून हलकेच मिसरीचा. माझी आई तोंड फिरवते आणि जागच्या जागी असलेली कळशी उगाच सरकवून ठेवते.

आक्का म्हणजे माझी आजी. पण सुना, नातवंडं, गल्ली, सगळ्यांचीच ती आक्का. माघात गेली. तिची लुगडी आता घरात नेसणारं कुणी नाही आणि टाकून देणारंही कुणी नाही. म्हणून आज वाकळ शिवायला घेतली आहे. माण तालुक्यातला वैशाख आहे, सोप्यावरचा पत्रा सकाळी नऊलाच तापलाय.

खाली हिरवं इरकल पसरतो. त्यावर घरातली जुनी, विरलेली वाकळ, तिच्यावर दोन लुगडी. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन दगड. शेजारची नानी ऐंशीच्या घरातली आहे. डोळ्यांनी तिला कमी दिसतं, पण कापड बोटांनी ओळखते. जुन्या वाकळेवरून फिरणारा तिचा हात मध्येच थांबतो.

"ह्यात भात्तर सालातलं लुगडं हाय तुज्या आजीचं."

1972च्या दुष्काळात आक्का आणि नानी एकाच रस्त्यावर खडी फोडत होत्या. आत्या तेव्हा चार महिन्यांची, बाभळीला बांधलेल्या झोळीत. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आणि कामावर सुकडी, एवढ्यावर घर चाललेलं. "आमी तितंच खायचो. ही न्हाय. पदराच्या टोकाला बांधायची आन् सांजच्याला तुज्या बापाम्होरं सोडायची. पदर निस्ता चिकाट." नानी दोरा दातानं तोडते. "हाडं दिसायची तिची."

आत्या ऐकते आहे. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली असेल, तरी तिचा टाका वाकडा जातो. उसवून ती तो पुन्हा घालते.

बाहेरच्या कडेनं आत, असा धावदोरा चालला आहे. मी हिरव्या इरकलाच्या बाजूला बसलेय. उजेडाकडे धरलं तर कमरेच्या डाव्या अंगाला त्याची जाळी झालेली दिसते. बाकीचं कापड अजून टणक आहे. त्या डाव्या अंगाला कळशी असायची, नाहीतर पोर. आधी तिची तीन, मग आम्ही पाच नातवंडं. आईदादा ऊस तोडायला फडावर गेले की सहा महिने आम्ही आक्काच्याच हवाली. तिला कुणी 'थकलीस का' असं विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही.

पदराच्या कोपऱ्यात तर एक सुरकुती कायमची बसली आहे. पैशाची गाठ ती तिथंच मारायची. आमच्या वहीचे, एसटीच्या पासाचे, देवाच्या नारळाचे पैसे त्या गाठीतून निघायचे. मी पाणी शिंपडते, तळहातानं दाबते, तरी कापड पुन्हा गोळा होतं.

पेटीच्या तळाशी एक जांभळं लुगडं निघतं. कोरं. घडीवर कागदाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. लालबागच्या गिरणीत असलेल्या आबांनी, माझ्या आजोबांनी, ते 1981च्या दिवाळीला आणलं होतं. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आबा. मनिऑर्डर थांबली, शेरडं विकली, पुढं दादांच्या हाती कोयता आला. आबांना परत कामावर घेतलं की हे नेसायचं, असं आक्कानं ठरवलं होतं. आबांना बोलावणं आलंच नाही. आबा गेले, तरी तिनं घडी मोडली नाही. तिनं ते एकदा तरी नेसायला हवं होतं. या घडीकडे बघताना मला तिचा राग येतो आणि गळाही दाटतो.

"हे ऱ्हाऊ द्या बाजूला," आत्या म्हणते. "तिची आठवण."

"कोऱ्या कापडात सुई बी अडती," नानी म्हणते.

आई सकाळपासून गप्पच आहे. सासूपुढं तशी ती कधीच फार बोलली नाही. आता ती चिठ्ठी नखानं सोडवते आणि लुगडं झटकून उलगडते. "ह्येच वर घालू. कुणाच्या तरी अंगाला लागू दे आता."

आत्या थोडा वेळ बघत राहते. मग दुसरं टोक धरते.

दुपार कलते तरी जेमतेम हातभर कड शिवून होते. अजून आठ दिवसांचं काम आहे. हिरव्या इरकलाचा पदर एका बाजूला मुद्दाम मोकळा ठेवलाय, शेवटी वरून दुमडून काठाला घ्यायला.

दादा रानातून येतात. न्हाणीवर हातपाय धुतात, तोंडावर पाणी मारतात आणि तसेच निथळत सोप्याच्या कडेला उकिडवे बसतात. जांभळ्या लुगड्याकडे बघतात, बोलत नाहीत. मग नजर खाली लोंबणाऱ्या हिरव्या पदरावर येते. खांद्यावर टॉवेल आहे. तरी ते पदराचा तो कोपरा हातात घेतात आणि तोंड पुसायला लागतात. हळूहळू, कपाळापासून, कानामागून.

आमच्या सुया थांबल्या आहेत.

"जपून रं," नानी म्हणते, "सुई हाय तितं."

दादा मान हलवतात. कोपरा तोंडावरच आहे.