जुन्या खेळयंत्राचा जीर्णोद्धार

जुन्या घराच्या माळ्यावर जें सामान सांठतें, त्याचे दोन वर्ग करतां येतात. कांहीं वस्तूंचें काम संपलेलें असतें. कांहींचें काम संपलेलें नसून त्यांच्याशीं जुळणारें जग बदललेलें असतें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं ज्या व्हिडिओ गेमच्या यंत्रापुढें मुलें उन्हाळ्याची सुट्टी घालवीत, तें या दुसऱ्या वर्गांतलें. आज तें नव्या सपाट दूरदर्शन-संचास जोडून पाहावें, तर चित्र येत नाहीं, किंवा मुंग्यांनीं भरलेलें येतें. आणि घरांतील कर्ती मंडळी ‘बिघडलें’ असा निकाल देऊन तें भंगारवाल्याच्या स्वाधीन करतात. वस्तुतः पुष्कळदां यंत्र धडधाकट असतें. त्याच्या चित्राला जी वाट चालावी लागते ती मात्र लांबची व खडकाळ असते. ही वाट सरळ कशी करावी, आणि सरळ करतांना कोठें थांबावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

या यंत्राचें मूळ जपानांत आहे. निन्टेन्डो कंपनीनें ‘फॅमिकॉम’ नांवाचें यंत्र तेथें १५ जुलै १९८३ रोजीं विक्रीस आणलें. पुढें तैवानांतील यूएमसी कंपनीनें त्याच्या मुख्य चिपांच्या प्रतिकृति केल्या, आणि त्यांवर उभारलेलीं स्वस्त यंत्रें देशोदेशीं पसरलीं. आपल्याकडे १९८२ सालीं रंगीत दूरदर्शन सुरू झालें होतें. १९९० नंतरच्या दशकांत ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नांवांनीं याच जातीचीं यंत्रें शहरांत विकलीं जाऊं लागलीं, आणि साकोली तालुक्यांतील आमच्या सानगडीसारख्या गांवीं सुट्टीला येणाऱ्या भाच्यांच्या सामानांतून येऊन पोंचलीं.

चित्र तयार करण्यासाठीं या यंत्रांत एक स्वतंत्र चिप असते. एका ओळींत २५६ ठिपके व अशा २४० ओळी, एवढ्या चौकटींत ती चित्र रचते आणि त्याचा विद्युत्-संदेश आपल्या एका पायांतून बाहेर सोडते. परंतु त्या काळच्या पुष्कळ संचांस मागें केवळ अँटेना जोडण्याची सोय असे. म्हणून यंत्रांत पत्र्याची एक लहान डबी बसवीत. तिचें नांव आर. एफ. मोड्युलेटर. ही डबी चित्रास व ध्वनीस दूरदर्शन केंद्राच्या लहरींचा वेष चढविते, आणि हातभर अंतरावरील संच तोच वेष उतरवून पुन्हां चित्र काढतो. माजघरांतील माणसास ओसरीवरून द्यावयाचा निरोप नागपूरमार्गें टपालानें पाठवावा, तशांतला हा प्रकार! या फेऱ्यांत बारीक रेषा पुसट होतात, आवाजांत घरघर मिसळते, आणि वाटेंतील उपऱ्या लहरी पडद्यावर मुंग्या होऊन उतरतात.

सुधारणा म्हणजे हा फेरा टाळणें. प्रथम यंत्राची मागील बाजू नीट पाहावी; कित्येक यंत्रांस पिवळें व पांढरें सॉकेट मूळचेंच असतें, आणि मग कांहीं उघडावें लागतच नाहीं. तें नसेल तर डबींत शिरणाऱ्या तारा शोधाव्या. त्यांत एक पांच व्होल्टची, एक चित्राची व एक ध्वनीची असते. चित्राची व ध्वनीची तार डबीच्या अलीकडेच पकडून नव्या सॉकेटपर्यंत नेणें, हेंच मुख्य काम. मात्र चिपच्या पायांतून निघणारा संदेश अशक्त असतो. संचाच्या ७५ ओमचा भार त्याला पेलवत नाहीं. म्हणून मध्यें ट्रान्झिस्टर घालून त्याला बळ द्यावें लागतें. बीसी ५४७ सारखा एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर व २२० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, एवढें सामान नागपुरास सीताबर्डीवर थोडक्या रुपयांत मिळतें.

तारा जोडावयाच्या त्या डाखून. आमचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. ज्यानें कल्हईवाल्याचें काम लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्याला डाखण्याचें मर्म निराळें सांगावयास नको. तेथें नवसागर, येथें राळ. मळ गेल्याशिवाय कथील धातूला धरत नाहीं.

इतकें केल्यावर चित्रावर अंधुक उभे पट्टे दिसले, तर निराश होऊं नये. चित्राच्या तारेशेजारून इतर संदेश अत्यंत वेगानें धांवत असतात व त्यांची सावली तिच्यावर पडते. मूळ यंत्रांत चित्र-चिपचा एकविसावा पाय हा चित्राचा. तो पट्टीपासून उचलून मोकळा करावा आणि ट्रान्झिस्टर त्याच्या अगदीं जवळ बसवावा. म्हणजे पट्टे पुष्कळ कमी होतात.

आतां मर्यादेकडे वळूं. फेरा टळला तरी रंग व उजेड हे एकाच संदेशांत मिसळलेले राहतात. याला कॉम्पोझिट म्हणतात. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस हा संधीचा प्रकार म्हणून सांगितल्यास चटकन उमजेल. ‘श्वेतो’ एवढेंच कानावर पडलें, तर तें ‘श्वेतः’ म्हणजे पांढरा, कीं ‘श्वा इतः’ म्हणजे कुत्रा येथून, हें कानाला ठरवितां येत नाहीं. तसाच संचही उजेडाच्या दाट बारीक रेषांस रंग समजतो, व काळ्यापांढऱ्या जाळीवर नसलेले रंग उमटवितो. या जातीच्या यंत्रांत संधि चिपच्या पोटांतच झालेला असतो. बाहेरून कितीही कौशल्य केलें तरी तो पूर्णपणें सोडवितां येत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील टिम वर्दिंग्टन यांनीं मूळ चिपच्या जोडीला बसविण्याची ‘एनईएसआरजीबी’ नांवाची पट्टी तयार केली. ती चिपकडे जाणारी माहिती वाचून तांबडा, हिरवा व निळा हे रंग वेगळे देते. पण त्यासाठीं चिप उपटावी लागते, आणि तें नवख्याचें काम नव्हे. उलट सेगा कंपनीच्या १९८८ सालच्या मेगा ड्राइव्ह यंत्रांत हे तीन रंग सॉकेटापर्यंत मूळचेच वेगळे येतात. तेथें योग्य केबल हीच सुधारणा.

नव्या संचाचाही एक दोष सांगितला पाहिजे. जुन्या नळीच्या संचांत असें यंत्र सेकंदांत पन्नास वेळां तेंच चित्र त्याच ओळींवर काढी. कित्येक नवे संच तें दोन अर्ध्या चित्रांची गुंफण समजून उलगडूं पाहतात. त्यामुळें कडा थरथरतात आणि कळ दाबल्यावर खेळांतील गडी उशिरानें उडी मारतो. याला औषध यंत्रांत नसून, ओळी दुप्पट करून देणाऱ्या बाहेरच्या जोडयंत्रांत आहे.

अशा फेरफारानें वस्तूचें मूळपण जातें, असा आक्षेप येतो, व तो अगदींच खोटा नाहीं. परंतु खुद्द निन्टेन्डोनें १९९३ सालीं फॅमिकॉमची नवी आवृत्ति काढली, तींत ती डबी गाळून चित्र थेट बाहेर दिलें. म्हणजे वाट सरळ करणें हें यंत्राच्या स्वभावाविरुद्ध नाहीं. देवळाच्या जीर्णोद्धारांत मूर्ति हलवीत नाहींत. येथेंही पेटीला नवें भोंक पाडूं नये, तारा जुन्याच भोकांतून काढाव्या, आणि काढलेली डबी चिठ्ठी लावून जपून ठेवावी. पुढच्या पिढीस पूर्वस्थिति हवी असेल तर ती देतां आली पाहिजे.

एक इशारा मात्र आवर्जून द्यावासा वाटतो. उघडावयाचें तें खेळयंत्र, दूरदर्शनचा संच नव्हे. जुन्या नळीच्या संचांत हजारों व्होल्टचा दाब असतो आणि तो बंद केल्यावरही टिकूं शकतो. तसेंच अडॅप्टरचे ध्रुव तपासल्यावांचून जोडूं नयेत; उलट जोडणीनें क्षणांत यंत्र जाईल.

इतकी यातायात एका खेळण्यासाठीं कशाला, असें घरांतील वडील मंडळी विचारतील. त्यांना एवढेंच सांगणें आहे कीं, एके काळीं या खेळण्यापुढें सख्खीं-चुलत सर्व भावंडें एकत्र बसत आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्यास शिकत. तीं भावंडें आतां चाळिशीच्या घरांत आलीं आहेत व निरनिराळ्या गांवीं विखुरलीं आहेत. दिवाळींत तीं जमतील तेव्हां त्यांच्या मुलांनीं आपल्या हातांनीं डाखलेल्या तारेंतून तोच खेळ पुन्हां स्वच्छ दिसावा, यांत खेळापेक्षां अधिक कांहीं आहे. नवीन यंत्र पैसे देऊन आणतां येतें. पण जुनें आपल्या हातांनीं पुन्हां चालतें केल्यानें मुलाच्या मनांत जो विश्वास उत्पन्न होतो, तो दुकानांत मिळत नाहीं. यास्तव भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं माळ्यावरची ती पेटी एकदां खालीं उतरवावी, आणि घरांतील मुलांच्या हातीं एक स्क्रूड्रायव्हर द्यावा.