घरातल्या शाळेचीही घंटा वाजू द्या

मैत्रिणींनो, मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आया आता आपल्या गावांतूनही दिसू लागल्या आहेत. मीही त्यांतलीच एक. सकाळी दोन तास बाहेर शिकवते आणि घरी आले की पदर खोचून पुन्हा शाळा! यंदा थोरल्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा दिली. वर्ष कसं गेलं, कळलंच नाही.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एकीकडे कुरडयांचे गहू भिजत घातले आणि दुसरीकडे पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मांडायला बसले. धाकटी जवळ आली, तर मी म्हटलं, "आधी पाढे म्हण." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, आत्ता तू आई आहेस की बाई?"

खरं सांगते, घशाशी आवंढा आला. शाळेतल्या बाईंना सुटी लागते, फाटकाला कुलूप पडतं. आपल्या शाळेला ना फाटक, ना घंटा! मग ती घंटा आपणच वाजवायला हवी, नाही का?

त्या दिवशी मी काय केलं, ते सांगते. सगळी पुस्तकं ट्रंकेत भरली, कसर लागू नये म्हणून मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला. जेवणघरातला नकाशा गुंडाळला. जूनपर्यंत अभ्यासाचं नाव काढायचं नाही, हे सर्वांना सांगून टाकलं.

पण पुस्तकं मिटली म्हणजे विश्रांती मिळाली असं नव्हे. उन्हाळ्याची कामं वाट पाहतच असतात. तेव्हा यंदा कुरडया केल्या, पण पापड विकत आणले. लोणचं किलोभर कैऱ्यांचंच घातलं. रात्री मेतकूट-भात किंवा थालीपीठ. कुकर लावणं थोरल्याकडे आणि ताटं घेणं 'ह्यां'च्याकडे सोपवलं.

दुपारी दोन ते चार ही वेळ माझी. वीस-तीस मिनिटं डुलकी काढावी. फार ताणू नये, नाहीतर अंग जड होतं आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. संध्याकाळचा चहाही शक्यतो चारच्या आत घ्यावा. रात्री मात्र सात तास झोप हवीच.

आणि एक महत्त्वाचं. दोन-तीन आठवडे विश्रांती घेऊनही थकवा जात नसेल, तर "होतंच असं" म्हणून अंगावर काढू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध घ्या. थायरॉइडही तपासून घ्या.

सासूबाई काय म्हणतील, याची मला धास्ती होती. त्या एवढंच म्हणाल्या, "आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही गं. पड तू, दार मी बघते."

आता दुपारी धाकटी शेजारी येऊन पडते. पाढे नाहीत, शुद्धलेखन नाही. तुम्हीही एवढं करून पाहा. जूनमध्ये मुलांपुढे बसाल, तेव्हा आवाजातला फरक तुम्हालाच जाणवेल!