पाटी पुसली, घर शाबूत!

सुट्टी लागली की घरातल्या कॉम्प्युटरचं रूप पालटतं. मुलं कुठून तरी एखादं 'थीम'चं सॉफ्टवेअर उतरवून घेतात. पिवळ्या फोल्डरांच्या जागी काचेचे गोळे येतात, कचऱ्याच्या डब्याच्या जागी कार्टून. चार दिवस मजा वाटते. मग मशीन रडतखडत चालायला लागतं, आणि कोणी तरी वैतागून ते सॉफ्टवेअर काढून टाकतं.

खरी गंमत इथून पुढे! सॉफ्टवेअर गेलं तरी जुनी चित्रं परत येतीलच असं नाही. पडद्यावर राहतात ते नुसते पांढरे, कोरे चौकोन. 'अगं बाई, लग्नाचे फोटो गेले की काय?' ही आपली पहिली प्रतिक्रिया. घरच्यांचं ठरलेलं उत्तर, 'तू हात लावू नकोस, दुकानात नेऊ.' आणि दुकानात ऐकू येतं ते वाक्य, 'फॉरमॅट मारावं लागेल.'

मैत्रिणींनो, इथेच जरा थांबा. कोऱ्या चौकोनांनी तुमचा एकही फोटो नेलेला नाही. फॉरमॅट मात्र नेऊ शकतं.

संगणकाला घाबरायचं कारण ट्रॉम्बेच्या बायकांना तर मुळीच नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ नावाचा संगणक तयार झाला. त्यातल्या 'टी'चा अर्थ ट्रॉम्बेच! ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर हे त्याचं पूर्ण नाव. त्या काळी पडद्यावर चित्रं नव्हती. संगणकाला काम सांगायचं तर छिद्रं पाडलेली कार्डं आणि कागदी पट्ट्या लागत. तो जाणकारांचाच प्रांत होता.

संगणक घरात आला त्यात या इवल्याशा चित्रांचा, म्हणजे आयकॉनचा, मोठा वाटा आहे. झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' संगणकावर १९८१ साली अशी चित्रं होती. १९८४ साली आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉशची चित्रं काढली ती सुझान केअर या एका बाईनं. चौकटीच्या कागदावर बत्तीस आडवी, बत्तीस उभी घरं. काही भरायची, काही रिकामी ठेवायची. कापडावर क्रॉस-स्टिच घालणाऱ्या कोणालाही ही रीत ओळखीची वाटेल. पुढे विंडोजसाठीही तिनं आयकॉन आणि पत्त्यांचा सॉलिटेअर जोड काढून दिला.

आता मुद्द्याचं. आयकॉन म्हणजे दारावरची नावाची पाटी. पाटी पुसली म्हणून घरातलं सामान जात नाही. कुठल्या दारावर कुठली पाटी लावायची, याची नोंद विंडोज एका वहीत ठेवतं. तिला रजिस्ट्री म्हणतात. रूप बदलणारी काही सॉफ्टवेअर या वहीत खाडाखोड करून स्वतःच्या चित्रांचा पत्ता लिहितात. ती काढली की चित्रं जातात, पण पत्ता तसाच राहतो. विंडोज त्या पत्त्यावर जातं, तिथे कोणी सापडत नाही, मग ते कोरी पाटी लावतं. शिवाय दर वेळी धावपळ नको म्हणून विंडोज चित्रांचा एक साठा करून ठेवतं. त्याला आयकॉन कॅशे म्हणतात. हा साठा बिघडला किंवा शिळा झाला तरी पाट्या चुकतात.

दुरुस्ती चढत्या क्रमानं करायची. पोट दुखलं की आधी ओवा, थेट ऑपरेशन नाही! विंडोज १० आणि ११ वर असं करा:

१. आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स या चार ठिकाणचं सगळं पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. जीव भांड्यात पडला की पुढचं सोपं.

२. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मग कोऱ्या चौकोनावर डबल क्लिक करा. प्रोग्राम उघडला, तर गेलंय ते फक्त चित्र.

३. 'धिस पीसी' किंवा 'रिसायकल बिन'चीच चित्रं बिघडली असतील तर डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून पर्सनलाइज, मग थीम्स, मग डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज उघडा. बिघडलेलं चित्र निवडून 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबा, नंतर 'अप्लाय'.

४. एखाद्याच शॉर्टकटचं चित्र गेलं असेल तर त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शॉर्टकट, 'चेंज आयकॉन'. तिथून हवं ते चित्र निवडा.

५. एकाच प्रकारच्या सगळ्या फाइली कोऱ्या दिसत असतील, समजा सगळ्या वर्डच्या, तर त्यातल्या एकीवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'मधून योग्य प्रोग्राम निवडा आणि 'नेहमी' हा पर्याय घ्या.

६. तरीही नाहीच जमलं, तर काढलेलं सॉफ्टवेअर त्याच ठिकाणाहून पुन्हा घाला. उलटं वाटतं ना? पण खाडाखोड करणाऱ्यालाच ती पुसायला लावणं सगळ्यात सोपं. त्यातच विंडोजची मूळ चित्रं निवडा, रीस्टार्ट करा, चित्रं आली याची खात्री करा आणि मगच ते काढा. खरं तर पहिल्यांदा काढतानाच हा क्रम पाळायचा.

यानंतरचे दोन उपाय जाणत्या माणसाकडून करून घेतलेले बरे. एक म्हणजे आयकॉन कॅशे रिकामा करणं. तो पुसला की विंडोज नवा साठा आपोआप तयार करतं. दुसरा म्हणजे सिस्टिम रिस्टोअर, कॉम्प्युटरची घडी आधीच्या तारखेवर नेणं. यात तुमचे फोटो, कागदपत्रं जागीच राहतात, त्या तारखेनंतर घातलेले प्रोग्राम मात्र जातात. ही सोय आधीपासून चालू असेल तरच तिचा उपयोग. रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नका, आणि 'एका क्लिकमध्ये सगळं दुरुस्त' म्हणणाऱ्या अनोळखी सॉफ्टवेअरच्या नादी तर अजिबात लागू नका. एका पाहुण्यानं केलेला पसारा आवरायला दुसरा पाहुणा कशाला?

हे सगळं कशासाठी? तर आज घरातल्या कॉम्प्युटरवर काय काय असतं! मुलीच्या दहावीच्या मार्कशीटचं स्कॅन, बचत गटाचा हिशेब, डब्यांची बिलं, ब्लाउजच्या मापांची यादी, गेलेल्या माणसांचे फोटो. यातलं बरंचसं डेस्कटॉपवरच ठेवायची आपली सवय. डेस्कटॉप बहुधा सी ड्राइव्हवर असतो, आणि फॉरमॅट मारतात तो नेमका सी ड्राइव्ह. पाटी रंगवायची म्हणून घर पाडण्यातला हा प्रकार.

म्हणून दुकानात जायची वेळ आलीच तर काउंटरवर मशीन ठेवताना ठणकावून सांगा, 'फक्त आयकॉन गेलेत. कॅशे क्लिअर करून द्या, फॉरमॅट करायचं नाही. आणि मला विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही.' या तीन वाक्यांना एकही पैसा लागत नाही. समोरच्यालाही कळतं की बाईंना आपलं सामान कुठे ठेवलंय ते ठाऊक आहे.