सशांच्या पिंजऱ्यासाठी जाळीची निवड

ससेपालन हा थोड्या जागेत आणि घरच्या माणसांच्या हातून होण्यासारखा जोडधंदा आहे. न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला, व्हाईट जायंट व ग्रे जायंट या जाती आपल्या देशात पाळल्या जातात. (रानातील ससा हा निराळा प्राणी असून त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तो पकडून पाळता येत नाही, हे प्रारंभीच ध्यानात ठेवावे.) नवीन पालक जात कोणती घ्यावी, खाद्य कोणते द्यावे, याची बारकाईने चौकशी करतो, परंतु पिंजऱ्याची जाळी मात्र दुकानात जी स्वस्त मिळेल ती घेऊन येतो. ही काटकसर गोव्यासारख्या पावसाळी प्रदेशात फार काळ टिकत नाही. तळाची जाळी गंजते, सशांच्या पायांना जखमा होतात, पिल्ले खाली पडून मरतात आणि दोष मात्र जातीला किंवा नशिबाला दिला जातो. म्हणून जाळीची निवड कोणत्या तत्त्वावर करावी, याचा विचार येथे केला आहे.

तळाला जाळीच का हवी?

सशांच्या पिल्लांना ग्रासणारा एक प्रमुख रोग म्हणजे कॉक्सिडिओसिस. या रोगाच्या सूक्ष्म जंतूंची अंडी लेंड्यांवाटे बाहेर पडतात. परंतु बाहेर पडताच ती बाधक नसतात. ओलावा व हवा मिळून साधारणपणे एक-दोन दिवस गेल्यावर त्यांच्यात रोग पसरविण्याचे सामर्थ्य येते. लेंड्या व मूत्र तत्काळ जाळीतून खाली पडले, तर ससा आणि ही अंडी यांचा संबंध मोठ्या प्रमाणात तुटतो. जमिनीवर किंवा फळ्यांच्या तळावर हे साधत नाही. शिवाय सशाला उष्णता सोसत नाही. चारही बाजूंनी जाळी असली की वारा खेळता राहतो.

ससा रात्री आपल्या मऊ लेंड्या खातो व त्या त्याच्या पोषणास आवश्यक असतात. जाळीच्या तळामुळे तो त्यांना मुकेल, अशी शंका काही जण घेतात. ती निराधार आहे, कारण या लेंड्या तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन घेतो. त्या खाली पडत नाहीत.

भोके किती मोठी असावीत?

कुत्र्यामांजरांच्या पंजाला असते तशी गादी सशाच्या तळपायाला नसते; तेथे केवळ केसांचे आवरण असते. त्यामुळे तळाच्या जाळीने दोन परस्परविरोधी गरजा भागविल्या पाहिजेत. भोक इतके मोठे हवे की लेंडी अडकू नये आणि इतके लहान हवे की पाय आत जाऊ नये. या दोन्ही गोष्टी अर्धा इंच बाय एक इंच (सुमारे १२ बाय २५ मिलिमीटर) भोकांच्या वेल्डमेश जाळीत साधतात. पाव इंची जाळीत लेंड्या साचतात. एक इंची चौकोनी जाळीत पिल्लाचा पाय खाली जातो व ते उडी मारू लागताच हाड मोडण्याची भीती असते.

ही जाळी बसविताना एक साधी परंतु महत्त्वाची काळजी घ्यावी. तिच्या एका बाजूला अर्ध्या इंचाच्या अंतरावरील तारा वर असतात, तर दुसऱ्या बाजूला एक इंचाच्या अंतरावरील. अर्ध्या इंचावरील तारांची बाजू वर, म्हणजे सशाच्या पायाकडे ठेवावी. सशाचा भार अधिक तारांवर विभागला जातो व तळपायाला कमी इजा होते.

बाजूंना व छपराला एक इंच बाय एक इंच किंवा एक इंच बाय दोन इंच भोकांची जाळी पुरते.

गेज म्हणजे काय?

तारेची जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. १४ गेजची तार सुमारे २ मिलिमीटर, १६ गेजची सुमारे १.६, १८ गेजची सुमारे १.२ आणि २० गेजची सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीची असते. आकड्यांतील हा फरक किरकोळ वाटला तरी १४ गेजच्या तारेत १६ गेजच्या तारेपेक्षा सुमारे दीडपट लोखंड असते. तळासाठी १४ गेजच घ्यावी. बारीक तार पायात रुतते आणि जाळी मध्यभागी लवते. लवलेल्या ठिकाणी ससे बसून राहतात व तेथेच घाण साठते. बाजूंना व छपराला १६ गेज चालेल. परंतु गावात मोकाट कुत्र्यांचा उपद्रव असल्यास बाजूंनाही १४ गेज वापरणे शहाणपणाचे ठरेल.

दुकानात गेजची खात्री करण्याची एक सोपी रीत आहे. कापून उरलेले तारेचे दहा तुकडे मागून घ्यावेत व ते एकमेकांना चिकटवून पट्टीवर मांडावेत. रुंदी २० मिलिमीटर भरली तर तार १४ गेजची. १६ मिलिमीटर भरली तर १६ गेजची. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून घेतल्यास मापनाचा पाठ आणि व्यवहाराचा पाठ एकाच वेळी होईल.

कोणती जाळी घेऊ नये?

कोंबड्यांसाठी वापरली जाणारी षट्कोनी भोकांची जाळी स्वस्त व हलकी असते. परंतु तिची तार बारीक असून पीळ दिलेल्या ठिकाणी उंचवटे राहतात. ते तळपायाला कापतात. कुत्रे ती सहज फाडते. प्लॅस्टिकचे आवरण असलेली जाळी दिसावयास सुबक असली, तरी ससे ते आवरण कुरतडतात. तुकडे पोटात जातात आणि उघडी पडलेली तार गंजते. मुलामा नसलेल्या साध्या लोखंडी जाळीला रंग देऊन काम भागविण्याचा प्रयत्नही करू नये, कारण रंगाचीही तीच गत होते.

जस्ताचा मुलामा

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. पेडणे, बार्देश, साष्टी, काणकोण यांसारख्या किनारी तालुक्यांत हवेतील खारेपणाची भर पडते. त्यातच सशाच्या मूत्रात चुन्याचे क्षार पुष्कळ असतात. त्यांचा पांढरा थर जाळीवर बसतो व थराखाली ओल टिकून राहते. या तिहेरी माऱ्यापासून लोखंडाचे रक्षण जस्त करते. हवापाण्याचा मारा जस्त स्वतःवर घेते व ते शिल्लक असेपर्यंत लोखंड वाचते. म्हणून मुलामा जितका जाड, तितके जाळीचे आयुष्य अधिक.

बाजारात मुलामा दिलेल्या वेल्डमेशचे दोन प्रकार असतात. एकात आधी तारेला मुलामा देऊन मग सांधे जोडलेले असतात. सांध्याच्या ठिकाणी जस्त जळून जाते व गंज तेथूनच सुरू होतो. दुसऱ्यात जाळी आधी जोडून मग वितळलेल्या जस्तात बुडविलेली असते. त्यामुळे सांधेही झाकले जातात. दुसऱ्या प्रकारात सांध्याभोवती जस्ताचा किंचित फुगवटा दिसतो, तर पहिल्यात सांधा काळसर किंवा चिरडल्यासारखा दिसतो. तळासाठी दुसराच प्रकार निवडावा. त्यावर जस्ताचे टोकदार दाणे असल्यास ते तारेच्या ब्रशने काढून टाकावेत, कारण ते पायाला बोचतात व कुरतडल्यास पोटात जातात. नंतर जाळी धुऊन उन्हात वाळवावी.

पिल्लांचे रक्षण

मादी सुमारे ३१ दिवसांनी विते. पिल्ले केसविरहित व डोळे मिटलेली असतात. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तेही काही मिनिटेच, पाजते. ती पेटीतून बाहेर उडी घेते तेव्हा स्तनाला चिकटलेले एखादे पिल्लू तिच्याबरोबर बाहेर येते. मांजरीप्रमाणे ससीण पिल्लाला तोंडात धरून परत नेत नाही. बाजूच्या जाळीची भोके मोठी असतील, तर ते पिल्लू सरपटत बाहेर पडते व थंडीने मरते. म्हणून मादीच्या पिंजऱ्यात तळापासून चार इंच उंचीपर्यंत बाजूंनाही अर्धा इंच बाय एक इंच जाळीची पट्टी लावावी. या बारीक जाळीमुळे घुशीलाही खालून आत शिरता येत नाही.

खर्चाचा हिशेब

तीन फूट लांब, दोन फूट रुंद व दीड फूट उंच पिंजऱ्याला तळासाठी ६ चौरस फूट, छपरासाठी ६ चौरस फूट आणि चार बाजूंसाठी १५ चौरस फूट, अशी एकूण २७ चौरस फूट जाळी लागते. यांपैकी उत्तम प्रतीची जाळी केवळ तळाच्या ६ चौरस फुटांना व पिल्लांच्या पट्टीच्या सुमारे साडेतीन चौरस फुटांना हवी. उरलेल्या भागात काटकसर करता येते. बहुतेक पालक नेमके उलट करतात. दर्शनी बाजूला चांगली जाळी लावतात आणि तळ दिसत नाही म्हणून तेथे हलकी जाळी घालतात. ससा मात्र आपले सारे आयुष्य तळावर काढतो.

जोडणी व निगा

लाकडी चौकट वापरावयाची असल्यास जाळी तिच्या आतील अंगाने ठोकावी, म्हणजे लाकूड कुरतडले जात नाही. तळाखाली लाकडी आडवी पट्टी देऊ नये. ती मूत्र शोषून घेते. आधार हवा असल्यास मुलामा दिलेली लोखंडी सळी द्यावी. कापलेली टोके बाहेरच्या बाजूस वळवून कानशीने घासावीत. पिंजरा जमिनीपासून अडीच ते तीन फूट उंच ठेवावा.

वजनदार जातींसाठी पिंजऱ्यात एक गुळगुळीत फळी विसाव्याला ठेवावी. अशा दोन फळ्या असाव्यात, म्हणजे एक धुऊन उन्हात वाळत असता दुसरी वापरता येईल. जाळीवरील पांढरा थर सौम्य व्हिनेगरने सैल करून ब्रशने काढावा व जाळी लगेच पाण्याने धुवावी. आम्ल अधिक वेळ राहिल्यास जस्तही खाऊन टाकते. चिकटलेले केस ज्योतीने जाळताना ज्योत एका जागी स्थिर धरू नये, कारण सुमारे ४२० अंश सेल्सिअसला जस्त वितळते.

दरवर्षी मे महिन्यात तळावरून हात फिरवून पाहावा. तांबूस डाग, सुटलेला सांधा किंवा खरखरीत तार आढळल्यास तेवढा तुकडा पावसापूर्वी बदलावा. सशांचे तळपायही त्याच वेळी तपासावेत. केस झडलेले किंवा कातडी लाल झालेली दिसल्यास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. या धंद्यात प्रथमच पडणाऱ्यांनी मोठी गुंतवणूक करण्यापूर्वी एकच पिंजरा वरील मापाने बांधून एक पावसाळा त्याचा अनुभव घ्यावा, हे अधिक श्रेयस्कर.