चापाभोवतीचे कडे

दिवाळीत टिकल्या फोडायच्या खेळण्यातल्या पिस्तुलालाही चापाभोवती एक कडे असते. खऱ्या पिस्तुलात त्याचे काम एकच: नको तेव्हा बोट, कापड किंवा फांदी चापाला लागू नये. काम इतके साधे, पण आकार मात्र वारंवार बदलत गेला. त्या बदलांतून माणसे शस्त्र कसे धरत होती, हे वाचता येते.

सॅम्युएल कोल्टच्या १८३६ च्या सुमाराच्या पॅटरसन रिव्हॉल्व्हरला कडेच नव्हते. चाप आत दुमडलेला असे. मागचा घोडा ओढला की तो बाहेर येई. टेक्सासच्या लढायांत हे शस्त्र वापरलेल्या सॅम्युएल वॉकरच्या सूचनांवरून १८४७ मध्ये नवे रिव्हॉल्व्हर बनले. त्यात चाप कायम बाहेर राहिला आणि त्याच्याभोवती पितळेचे कडे आले.

विसाव्या शतकात उलटा प्रयोग झाला. कोल्ट कंपनीतल्या जे. एच. फिट्झजेराल्ड यांनी काही रिव्हॉल्व्हरांच्या कड्याचा पुढचा भाग चक्क कापून टाकला. शस्त्र खिशातून काढताच बोट थेट चापावर जाई. वेग मिळाला, पण संरक्षण गेले.

पुढे पकडच बदलली. १९५० च्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियात जॅक वीव्हर यांनी स्पर्धांमध्ये दोन्ही हातांनी पिस्तूल धरले. जेफ कूपर यांनी त्या पद्धतीचा प्रसार केला. मग काही नेमबाज आधाराच्या हाताची तर्जनी कड्याच्या पुढच्या बाजूवर टेकवू लागले. त्या बोटासाठी कड्याचा पुढचा भाग चौकोनी, किंचित खोलगट आणि खरखरीत झाला. अमेरिकी लष्कराने १९८५ मध्ये निवडलेल्या बेरेटा पिस्तुलात हा आकार स्पष्ट दिसतो.

पुढे प्रशिक्षकांचे मत फिरले. बोट पुढे ताणले की पकड सैल होते, त्यापेक्षा दोन्ही हात कड्याखाली घट्ट असावेत, असे ते शिकवू लागले. चौकोनी कोपऱ्याचे प्रयोजन उरले नाही. अनेक नव्या पिस्तुलांत कडे पुन्हा गोल झाले. आता कोरले जाते ते कडे मुठीला मिळते तिथे. त्यामुळे हात वर सरकतो आणि गोळी सुटताना नळीची उसळी आवरता येते.

ग्लॉकसारख्या पिस्तुलांना बाजूला वेगळा सुरक्षा-खटका सहसा नसतो. त्यामुळे कमरेचे म्यान पूर्ण कडे झाकणारे हवे. तरीही, बोट आत केव्हा घालायचे, हे कडे ठरवू शकत नाही. म्हणूनच नेमबाजीच्या पहिल्या धड्यांत शिकवतात: नेम धरून झाडायचे ठरेपर्यंत बोट कड्याबाहेर.